मुलगी क्रमांक दोन

३ डिसेंबर

प्रिय विनी,

हे अक्षर ओळखलंस का? पूर्वी बरं होतं. आता ओळी उताराला लागल्यासारख्या खाली जातात. मी तुझा टिलमन सर. चाकांवरच्या त्या खोलीत तुला भागाकार आणि कविता शिकवणारा.

तू नोव्हा स्कोशियाच्या कुठल्याशा बेटावर चित्रीकरणाला गेली आहेस आणि तिथे फोन धड लागत नाही, असं तुझ्या आईने कळवलं. मला ते फार आवडलं. जिथे फोन लागत नाही तिथे माणसाला पत्र लिहिता येतं. इतक्या वर्षांत आपलं बोलणं झालं नाही, पण त्यात कुणाचं काही चुकलं नाही. मुलं मोठी होतात आणि मास्तर म्हातारे होतात, एवढंच.

मी आता खोऱ्यातल्या आमच्या निवृत्तांच्या घरात राहतो. सिनेमात आयुष्य घालवलेली माणसं इथे येतात. सुतार, शिंपी, प्रकाशवाले, नट. नट सगळ्यांत जास्त. अंगणात संत्र्याची झाडं आहेत आणि आमचा स्वतःचा पडदा आहे. पुरस्कारांचा मोसम आला की कंपन्यांना आमची फार आठवण येते, कारण आमच्यातल्या नटांना मत असतं. चीजच्या टोपल्या येतात, फुलं येतात, सिनेमे येतात. मला मत नाही. पण चीज सगळ्यांना मिळतं.

काल ‘पाण्याखालचं पोस्ट’ पाहिला.

विनी, मी तुझं कौतुक करणार नाही, ते तुला आता पोत्याने मिळत असेल. एवढंच सांगतो. धरणाचं पाणी पायरीपर्यंत आलंय आणि तू पोस्टाच्या खिडकीत बसून, ज्यांचं गाव उद्या उरणार नाही त्यांच्या पत्रांवर शिक्के मारतेस, तिथे माझ्या शेजारी बसलेल्या बड क्रेनशॉने टोपी काढली. बडने आयुष्यभर शेरीफच्या मागे उभा राहणारा शिपाई केला. तो जेवतानाही टोपी काढत नाही.

मला मात्र नऊ वर्षांची तू दिसत होतीस. त्या मालिकेच्या कागदावर तुझ्या पात्राला नावसुद्धा नव्हतं. ‘मुलगी क्रमांक दोन’ एवढंच. कायद्याने मुलांना रोज शाळा द्यावी लागते म्हणून मी होतो. सहायक दिग्दर्शक दार ठोठावून विचारायचा, “सर, हिला पाच मिनिटं नेऊ का?” आणि मी म्हणायचो, कवितेच्या मध्ये नाही. माझ्या लहानपणीच्या नेब्रास्कातल्या वाचनमालेतली ती क्रौंचांची कविता तुला आठवते? आमच्या प्लॅट नदीवर वसंतात उतरायचे ते क्रौंच, आणि तुझ्या स्टॉकटनच्या शेतांत हिवाळा काढायचे तेही. तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, “हे आमचे आहेत.”

पुढच्यास दिसे आभाळ रिकामे,
मधल्यास पंखच दिसती;
मागून येई क्रौंच एकटा,
त्याला दिसे रांग पुरती.

तू म्हणालीस, “मी पण मागचीच आहे, सर. दोन नंबर.” मी तुला सांगितलं होतं की कवितेत दुसरी मुलगी नसते. जी म्हणते तिचीच कविता.

म्हणून काल सिनेमा संपल्यावर कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. कंपनी तुझं नाव सहायक अभिनेत्रीत पुढे करते आहे. मुख्य म्हणून सिल्व्हिया हार्कनेस. सिल्व्हियाबाई छानच आहेत, पण त्या गावात मोटारीने येतात आणि मोटारीने जातात. गाव तू आहेस.

जेवणाच्या टेबलावर मिस स्टोक्सनी विषय काढला. जेनेव्हा स्टोक्स, तू त्यांना पाहिलं असशीलच. नर्स, मोलकरीण, न्यायाधीश, पुन्हा नर्स. आमच्या टेबलाच्या त्याच न्यायाधीश. त्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “कंपनी काय वाटेल ते सांगो. मत माझं आहे. मी त्या मुलीला मुख्यमध्येच लिहिणार.” बड म्हणाला, मीही. इर्मा व्होगेल, ती गमत्या शेजारणीची कामं करायची, ती तोंडात घास असतानाच मान हलवत होती. बघता बघता आजूबाजूच्या टेबलांवरही पसरलं. मी फक्त तुझी क्रौंचांची गोष्ट सांगितली. जरा रंगवून सांगितली असेल.

तुझा म्हातारा,
अँब्रोज टिलमन


१६ डिसेंबर

प्रिय विनी,

तुझं कार्ड आलं. दीपस्तंभाचं चित्र सुरेख आहे. ते आरशाला टेकवून ठेवलंय. दाढी करताना वाटतं, आपण समुद्रावरच आहोत.

ते पोहोचण्याच्या आदल्या दिवशी मला एक फोन आला होता. डेलेनी प्रूइट नावाची मुलगी, तुझ्या प्रसिद्धीचं काम बघते म्हणाली. आवाज इतका गोड की मला वाटलं काहीतरी विकते आहे. विकतच होती म्हणा. म्हणाली, “सर, मतदारांशी बोलायची आम्हाला बंदी आहे. तुम्ही मतदार नाही, म्हणून नुसत्या हवापाण्याच्या गप्पा.” मी म्हटलं, इथे ऊन आहे. ती म्हणाली, “छान. आता समजा, एखाद्या घरातल्या बऱ्याच लोकांनी प्रेमापोटी एखाद्या मुलीचं नाव भलत्या टोपलीत टाकलं, तर काय होईल, तुम्हाला काय वाटतं?”

मला काही वाटत नव्हतं, म्हणून तिनेच सांगितलं. दोन टोपल्या आहेत, मुख्य आणि सहायक. मतदार तुझं नाव कुठल्याही टोपलीत टाकू शकतो. पण एकीतली मतं दुसरीत धरत नाहीत. अर्धे इकडे, अर्धे तिकडे झाले की दोन्ही टोपल्या अर्ध्या राहतात आणि मुलगी घरी बसते. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचं प्रेमच नेमकं तुला बुडवेल, असं ती हसत हसत म्हणाली. आमची मतं मूठभर. पण या वर्षी सगळं मूठभरावरच अडलंय, हेही तिने सांगितलं.

मी तिच्यावर चिडलो होतो. मग तुझं कार्ड आलं आणि चिडायला जागा उरली नाही.

तुझ्या लोलोचा सिनेमा. तुझा आजोबा बोटीने येऊन स्टॉकटनच्या मातीत शतावरीचे कोंब कापत कापत वाकला, ते तू मला नऊ वर्षांची असताना सांगितलं होतंस. चाकू कसा धरायचा ते फूटपट्टीने दाखवलं होतंस. आता त्यावर कुणी पटकथा लिहिली आहे आणि त्यातली मुलगी तू करणार. पण निर्मात्यांनी स्पष्ट सांगितलंय की या वर्षी तुझं नामांकन झालं तर तू, नाहीतर ते एखादा ओळखीचा चेहरा घेतील. म्हणजे तुझ्या लोलोची नात दुसरीच कुणी होईल.

तू लिहितेस, “सर, त्यांना सांगा मला दुसऱ्या टोपलीत टाका. मला अपमान वाटत नाही. मला शेत पाहिजे.”

समजलं, बाळ. उद्या गुरुवार, सगळे जेवायला असतात. उद्या सांगतो.

तुझा,
टिलमन सर


२९ डिसेंबर

प्रिय विनी,

नाताळ चांगला झाला. इर्माने दरवर्षीसारखी ती हिरवी जेली केली, आत गाजराचा कीस आणि द्राक्षं. बडने विचारलं की ही खायची की हिला मत द्यायचं. इर्माने त्याच्या ताटात दोन वाढण्या घातल्या.

दुपारी बसने आम्हाला डोंगरापलीकडच्या तळ्यावर नेलं. क्रौंच नव्हते, नुसती बदकं. पण पाण्यावर ऊन असं पसरलं होतं की मला प्लॅट नदी आठवली. आमच्या शाळेच्या खिडकीतून नदी दिसायची. मिस ऑर्डवे कविता शिकवताना मध्येच थांबायच्या, खिडकी उघडायच्या आणि म्हणायच्या, ऐका. लांबून तो आवाज यायचा, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, आणि मग आभाळ भरून जायचं. त्या वर्गातला मी आता एकटाच उरलो असेन. कविता कुणी पाठ म्हणत असेल का? मुलं पाठ करत नाहीत म्हणे. पाठ केलेली गोष्ट खिशात राहते, न बघता हाताला लागते.

मिस स्टोक्सनी मला लोकरीचा गळपट्टा दिला. त्यांनी स्वतः विणलाय, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद. म्हणाल्या, मास्तर, मध्येच सिनेमा लागला होता. तुझाच लागला होता. त्या तो पुन्हा पाहायला गेल्या होत्या.

तुझ्या कामाचं बोलणं व्हायचं आहे. होईल.

तिथे थंडी फार असेल. कान झाक.

टिलमन सर


१३ जानेवारी

प्रिय विनी,

मागच्या पत्रात मी तुला हवापाणी लिहिलं. त्या प्रूइटबाईंना मी उगाच हसलो.

मी त्यांना सांगितलेलं नाही.

त्या गुरुवारी मी ठरवूनच टेबलावर गेलो होतो. वाक्य तयार होतं. म्हटलं, मिस स्टोक्स, विनीच्या मतांबद्दल थोडं बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, “बोला. पण आधी माझं ऐका, मास्तर, कारण तुम्ही बोलायला लागलात की नदी येते.”

मग त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी त्यांनी एका आंधळ्या झालेल्या सैनिकाच्या नर्सचं काम केलं होतं. अख्खा सिनेमा त्यांच्या खांद्यावर. जाहिरातीवर मात्र त्यांची नुसती पाठ होती. नाव सर्वांत शेवटी, आणि पुरस्कारासाठी दुसऱ्या टोपलीत. तिथेही काही झालं नाही. त्यांची आई टेक्ससहून बसने आली होती, चर्चची टोपी घालून. सिनेमा संपला, नावं वर जायला लागली आणि आई अंधारात बघत राहिली. बाहेर आल्यावर विचारलं, तुझं नाव इतकं खाली का गं?

“मी म्हटलं, आई, नावं उंचीप्रमाणे लावतात.”

टेबलावर सगळे हसले. मिस स्टोक्सही हसल्या. “तिला पटलं ते,” त्या म्हणाल्या. “मरेपर्यंत लोकांना सांगत होती, जेनेव्हाची उंची जरा कमी पडली.” मग माझ्याकडे वळून, “हं, तुम्ही काय म्हणत होता?”

मी म्हटलं, मीठ द्या.

त्यानंतर रोज ठरवतो. रोज त्या माझ्या आधी टेबलावर असतात, पाठ ताठ, आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, “पोरीचं नाव कुठे लिहिणार?” जो तो म्हणतो, मुख्यमध्ये. शपथच घेतात. इतक्या वर्षांत ही माणसं एखाद्या गोष्टीसाठी अशी एक झालेली मी पाहिली नव्हती. बड तर काठी टेकत चालायचा, तो काठी उचलून चालतो. तू त्यांच्यासाठी नुसती तू राहिली नाहीस. ज्याची ज्याची पाठ जाहिरातीवर आली होती, तो प्रत्येकजण तुझ्या खिडकीत बसून शिक्के मारतोय. त्यांना कसं सांगू की तिचीच मागे राहायची इच्छा आहे?

आणि तुला कसं सांगू की मी सांगितलं नाही?

मतदान सुरू आहे. चार दिवसांनी बंद होईल. त्याआधी मी पुन्हा प्रयत्न करीन. हे वाक्य मी आधीही लिहिलंय, मला ठाऊक आहे. रागावलीस तर मी समजू शकेन. मला तुझा लोलो दिसतो. वाकलेला. फूटपट्टी हातात धरून तू त्याची नक्कल करत होतीस, आणि मी हसलो नव्हतो.

टिलमन


२३ जानेवारी

प्रिय विनी,

तुला कळलंच असेल. बेटावर कुणीतरी होडीतून ओरडत आलं असेल. तरी आमच्याकडे काय झालं ते तुला माझ्याखेरीज कुणी सांगणार नाही, म्हणून लिहितो. वाचून झाल्यावर हे पत्र समुद्रात टाक.

मतदान बंद होईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. ते कबूल करून टाकतो म्हणजे पुढचं सुटसुटीत होईल.

नावं पहाटे जाहीर होतात. आम्ही तसेही त्या वेळी जागेच असतो. सगळे झग्यांत, सपातांत, दूरदर्शनच्या खोलीत. मिस स्टोक्स पहिल्या रांगेत, केस नीट विंचरून. मी दाराशी उभा होतो, कारण बसलो असतो तर उठता आलं नसतं.

सहायक अभिनेत्रींची नावं आधी आली. आणि त्यांत, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं, विनिफ्रेड ओकाम्पो.

दुसऱ्या टोपलीत. भरलेल्या टोपलीत.

विनी, खोलीत कुणी हललं नाही. मला वाटलं, ऐकूच गेलं नसावं, यंत्रं कानांत घातली नसतील. मग इर्माने टाळी वाजवली, एकच, आणि थांबली. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. बड म्हणाला, “म्हणजे बाहेरच्यांनी तिकडे टाकलं म्हणायचं.” इर्मा म्हणाली, “बाहेरचे फार असतात.” मागून कुणीतरी म्हणालं, हो, बाहेरच्यांचं काही सांगता येत नाही. मिस स्टोक्स उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. मग सगळे पांगले, नवरदेव पळाल्यावर लग्नघर रिकामं व्हावं तसे.

मी अंगणात जाऊन संत्र्याखाली बसलो. मला रडू येत होतं आणि ते आनंदाचं आहे की लाजेचं ते ठरत नव्हतं. थोड्या वेळाने बड आला. टोपी हातात. विनी, पुन्हा हातात.

“मास्तर, एक सांगायचंय. कुणाला बोलू नका. मी तिला सहायकमध्ये टाकलं.”

मी विचारलं, का?

“का म्हणजे? पोरीला पुढचं काम नको? आम्ही काय काल आलो या धंद्यात? मतं फुटली की माणूस बुडतो, हे मला ठाऊक नाही? टेबलावर शपथ घेतली ती मिस स्टोक्सच्या तोंडाकडे बघून. त्यांना कळलं तर मला उद्यापासून स्वयंपाकघरात जेवावं लागेल.”

मी वचन दिलं. तो गेला आणि बशीत बिस्किटं घेऊन इर्मा आली. बसण्याआधीच म्हणाली, “मी गद्दार आहे, टिलमन. एक घे.” तिचीही तीच गोष्ट. मध्ये बिस्किटं खाऊन झाली. मग दुसऱ्या टेबलावरचे जुळे पॅजेट बंधू, दोघे वेगवेगळे, एकमेकांना चुकवून आले. दुपारपर्यंत माझ्या बाकाला चर्चच्या कबुलीजबाबाच्या खोलीची कळा आली होती. प्रत्येकाने तुला दुसरीत टाकलं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानेच टाकलं.

उरल्या मिस स्टोक्स. त्या जेवायला आल्या नाहीत. मला वाटलं, एकट्याच खऱ्या राहिल्या आणि एकट्याच हरल्या. त्यांचं दार वाजवलं. खिडकीपाशी शब्दकोडं घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “या. पाच अक्षरी पक्षी सांगा.” मला सुचेना. मी उभाच राहिलो. म्हटलं, मिस स्टोक्स, मला वाईट वाटतं.

“कशाचं?”

म्हटलं, तुम्ही तिला मुख्यमध्ये लिहिलंत आणि बाकीच्यांनी...

त्यांनी चष्मा काढला. “बाकीच्यांनी काय केलं ते मला नका सांगू. मी त्यांना जेवताना बघते, मला कळतं. आणि तुम्हाला नाताळाच्या आधीपासून काहीतरी सांगायचं होतं, तेही कळत होतं. तुम्ही फार वाईट नट आहात, मास्तर.” मग कोड्याचा कागद घडी करून बाजूला ठेवला. “टेबलावर जे बोलले ते माझ्यासाठी बोलले. मला बोलायचंच होतं ते, इतकी वर्षं. पण मत माझं नव्हतं. मत तिचं होतं.”

एवढं बोलून त्यांनी चष्मा घातला आणि मला बजावलं की हे बडच्या कानावर गेलं तर तो पुन्हा काठी टेकायला लागेल.

तर असं आहे. तुझं शेत तुला मिळालं. निर्मात्यांचा निरोप तुझ्या आईने सांगितला. पुरस्कार मिळेल न मिळेल, ते मार्चमध्ये बघू. त्या रात्री आम्ही झगे घालून बसू, आणि तुझं नाव नाही आलं तर इर्मा जेली करील.

तुला एकच काम सांगतो. परत आलीस की इथे ये. सगळ्यांना एकत्र भेटू नकोस. एकेकाला वेगळं भेट, अंगणात, आणि काही विचारू नकोस. नुसता हात धर. प्रत्येकाला वाटू दे की तुझं शेत त्याने एकट्याने वाचवलं. मिस स्टोक्सना मात्र आधी जेवायला ने, टेबलावर सगळ्यांच्या देखत, आणि त्यांना टोकाच्या मानाच्या खुर्चीवर बसव.

आणखी एक. काल झोपताना तुझं एक बोलणं आठवलं. कविता म्हणून झाल्यावर तू नऊ वर्षांची, पाय हलवत बसली होतीस, आणि म्हणाली होतीस की ही कविता अर्धी आहे. मी विचारलं, कशी? तू म्हणालीस, “लोलो सांगतो, पुढचा दमला की तो मागे येतो. मग मागचा पुढे जातो. यात ते लिहिलंच नाही.” मी तेव्हा म्हणालो, जे लिहिलंय तेवढं पाठ कर.

बाहेर ठोठावलं आणि त्यांनी तुला चित्रीकरणाला नेलं. पुस्तक मी मिटलं असेल.

आज उघडून ठेवतो आहे.

तुझा,
टिलमन सर